दाराला कडी, खिशात मोबाइल

२०२३ साली सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी चूक शोधण्यासाठी कंपनीची गोपनीय आज्ञावली ‘चॅटजीपीटी’ला दिली. चोर कुणीच नव्हता. माहिती घरच्याच हातांनी बाहेर गेली. मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. आपल्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर ती वापरू नयेत असे बजावले.

आम्हांला हा उपाय अपुरा वाटतो. विचारलेला प्रश्न दूरच्या सर्व्हरवर साठतो, आणि काही सेवा तो यंत्राला पुढे शिकवण्यासाठीही वापरतात. त्या शिकण्यात मुरलेली माहिती वहीचे पान फाडावे तशी वेगळी काढता येत नाही. धोका खरा आहे. पण कामाची घाई तशीच ठेवून नुसती बंदी घातली, तर कर्मचारी खिशातला मोबाइल काढणारच! मोठ्या कंपन्यांना स्वतःच्या सर्व्हरवर असे साधन चालवणे परवडते. त्यांनी ते कर्मचाऱ्यांना द्यावे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावच्या शाळेला हे कुठून परवडणार? पण गुणपत्रक यंत्राकडे सोपवताना तेथील शिक्षकांना मुलांची नावे आणि आधार क्रमांक गाळता येतील. नावाऐवजी हजेरी क्रमांक लिहिला तरी वर्गाची सरासरी तीच येते.