छावा: वेदना मोठी, राजा लहान

सांगलीत मी 'छावा' पाहिला त्या शोला शेवटचा अर्धा तास कुणी पॉपकॉर्नला हात लावला नाही. पोरं रडली, घोषणा झाल्या. माझाही गळा दाटला. पण गळा दाटला म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही.

लक्ष्मण उतेकरांचा हा २०२५चा सिनेमा देखणा आहे, यात वाद नाही. बुऱ्हाणपूरच्या हल्ल्यातली धूळ, किल्ल्यांवरचा उजेड, अक्षय खन्नाचा थकलेला, हळू बोलणारा औरंगजेब. विकी कौशलने तर जीव तोडून काम केलंय.

अडचण ही की सिनेमाला संभाजीराजांचं शरीर कळतं, डोकं कळत नाही. सिंहाशी झुंजणारे हात दिसतात. कवी कलशांसोबत ओळीला ओळ जोडणंही आहे, पण 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ रचणारा माणूस सापडत नाही. १६८१ ते १६८९ या काळात हा राजा मोगल, सिद्दी आणि पोर्तुगीज अशा तिघांशी लढत होता. पैसा कुठून आणायचा, कुणाशी तह करायचा, कुणावर विश्वास ठेवायचा? यातलं फार थोडं पडद्यावर येतं. उरतात ते स्लो मोशनमधले छापे. दोन-तीन छाप्यांनंतर आपण नुसती फ्रेम बघत बसतो.

याचा फटका नेमका क्लायमॅक्सला बसतो. सिनेमाचा कळस आहे औरंगजेबापुढचा नकार. राजा काय काय पणाला लावून 'नाही' म्हणतोय, यावर त्या नकाराची किंमत ठरते. राज्यच नीट दाखवलं नाही, तर 'धर्मवीर' म्हणजे फक्त सोसणारा देह उरतो. आपण जखमा मोजतो, निर्णय समजत नाही.

आमच्याकडच्या खुणा बघा. राजांना संगमेश्वरहून बहादूरगडाकडे नेताना सुटकेचा प्रयत्न झाला, असं बत्तीस शिराळ्यात आजही सांगतात. दंतकथा असेल, पण जीव धोक्यात घालणारी साधी माणसं तिच्यात आहेत. त्या वाटेवरच्या माणसांत सिनेमाला रस नाही.

आणि येसूबाई? रश्मिका मंदानाच्या वाट्याला मुख्यतः ओवाळणं आणि वाट पाहणं आलंय. खऱ्या येसूबाईंनी नवऱ्याच्या हत्येनंतर राजारामांना रायगडाबाहेर पाठवलं आणि स्वतः लहानग्या शाहूंसह मागे राहिल्या. नोव्हेंबर १६८९मध्ये गड पडला. त्या कैदेतून सुटून साताऱ्याला पोचल्या १७१९मध्ये. जवळजवळ तीस वर्षं! साताऱ्याजवळच्या माहुलीत त्यांची समाधी आहे.

सिनेमा संभाजीराजांच्या मृत्यूपाशी थांबतो, ते ठीक. पण त्यांच्यामागे राज्य का टिकलं, याचं उत्तर त्यांनी जपलेल्या माणसांत होतं. ती माणसं आधीच्या दोन तासांत भेटायला हवी होती. 'छावा' ओटीटीवर जरूर बघा, खन्नासाठी बघा. नंतर साताऱ्याला गेलात तर माहुलीला चक्कर मारा.