इतिहासाचीं ‘अपेक्षित’ पुस्तकें

कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहितांना मल्लिनाथानें आरंभींच दोन गोष्टींची हमी दिली आहे : मुळांत आधार नाहीं असें कांहीं लिहिणार नाहीं, आणि अपेक्षित नाहीं असें कांहीं सांगणार नाहीं. महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेसाठीं इतिहासाच्या उजळणीचीं जीं पुस्तकें बाजारांत मिळतात, त्यांतील कित्येकांच्या मुखपृष्ठावरहि ‘अपेक्षित’ हा शब्द मोठ्या टाइपांत असतो. मल्लिनाथाच्या मनांत अपेक्षा होती ती वाचणाराची. येथें ती प्रश्नपत्रिका काढणाराची आहे. मुळाच्या आधाराविषयीं तर हीं पुस्तकें बहुधा मौनच पाळतात.

संशोधनाला वाहिलेल्या त्रैमासिकानें असल्या पुस्तकांची दखल कां घ्यावी, असें कोणी विचारील. त्यास उत्तर एवढेंच कीं, शाळा सुटल्यावर पुष्कळांच्या हातीं इतिहासाचें पुस्तक पुन्हा येत नाहीं. साधन म्हणजे काय, प्रमाण कशास म्हणावें, याविषयीं त्यांची जी समजूत व्हावयाची ती दहावींतच होऊन जाते.

त्यांतून पाठ्यपुस्तक निव्वळ सनावळीचें असतें तर गोष्ट वेगळी. २०१८ सालीं पाठ्यपुस्तक मंडळानें दहावीसाठीं काढलेल्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या पुस्तकाचीं पहिलीं दोन प्रकरणें इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांवर आहेत. पुढें कला, प्रसारमाध्यमें, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्याचें जतन असे विषय येतात. काय घडलें यापेक्षां इतिहास कसा लिहितात व तो कोठें उपयोगी पडतो, हें शिकविण्याचा हेतु उघड आहे. हेतु स्तुत्य, पण पंधरा वर्षांच्या मुलापुढें हेगेल, रांके आणि फूको एकाच दमांत ठेवणें आम्हांस अवजड वाटतें. या अवजडपणामुळेंच मुलगा उजळणीच्या पुस्तकाकडे धांवतो, आणि तें पुस्तक त्याला पुन्हा नांवें आणि सनच पाठ करावयास देतें.

‘चुकीची जोडी ओळखा’ हा प्रश्नप्रकार घ्या. कार्ल मार्क्ससमोर ‘डिस्कोर्स ऑन द मेथड’ हें नांव छापलेलें असतें, आणि खालीं उत्तर म्हणून तीच जोडी पुन्हा! १६३७ सालचा हा ग्रंथ रेने देकार्त याचा, हें सांगणारी ओळ कांहीं पुस्तकांत नाहीं. मुलानें चूक दोनदां वाचली, खरें एकदांहि नाहीं. गुण मिळोत वा न मिळोत, मार्क्स आणि तो ग्रंथ यांची गांठ मात्र त्याच्या डोक्यांत पक्की बसली. पुस्तक विकत घेण्यापूर्वी प्रथम हें पान उघडून पाहावें.

मग जेम्स मिल काढावा. ‘द हिस्टरी ऑफ ब्रिटिश इंडिया’ हा त्याचा ग्रंथ १८१७ सालचा. तो लिहिणारा मनुष्य हिंदुस्थानांत कधीं आला नव्हता व येथील भाषा त्याला येत नव्हत्या. त्याचें लेखन पूर्वग्रहदूषित कां म्हणावें, तर ‘लेखकाच्या मनांत पूर्वग्रह होता म्हणून’, अशा धर्तीचीं उत्तरें ‘सकारण स्पष्ट करा’ या मथळ्याखालीं आढळतात. न्यायशास्त्रांत यास आत्माश्रय दोष म्हणतात. ज्या पुस्तकांत मिलचें हें अज्ञान कारण म्हणून सांगितलें असेल, तें मुलाला साक्षीदाराची उलटतपासणी शिकवितें, तें घ्यावें.

राजवाड्यांवरील टीप ही आमची तिसरी कसोटी, आणि येथें आमची लेखणी थोडी कडवट होते. ‘२२ खंड काढले, ७ जुलै १९१० रोजीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें, स्वभाषेंत इतिहास लिहिण्याचा आग्रह धरिला’, अशीं तीन तुटक वाक्यें, तीनहि खरीं. पण १८९८ सालीं पहिला खंड निघाला त्यांत १७५० पासून १७६१ पर्यंतचीं पत्रें होतीं. ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथावर विसंबून न राहतां पानिपतापर्यंतची हकीकत त्या वेळच्या माणसांच्याच शब्दांत वाचतां येऊं लागली, ही त्यांतली खरी गोष्ट. गांवोगांव हिंडून दप्तरें कशासाठीं मिळविलीं हें न सांगतां ‘२२’ हा आंकडा तेवढा घोकविणें म्हणजे धान्य टाकून पोत्यांची मोजदाद ठेवणें होय. एवढी गोष्ट चार ओळींत सहज मावते.

या पुस्तकांचा सरसकट धिक्कार करणाऱ्यांत आम्ही नाहीं. ज्याच्या घरीं विचारावयास कोणी नाहीं व शिकवणीस पैसा नाहीं, अशा मुलाला उत्तर किती लांब असावें, मुद्दे कसे मांडावे, हें सांगणारें दुसरें कोणी नसतें. राज्यशास्त्र धरून ४० गुणांची लेखी परीक्षा. तिची रीत माहीत असणें हा कांहीं गुन्हा नव्हे. आम्हीहि ‘रघुवंश’ वाचलें तें ‘संजीवनी’चा हात धरूनच. मात्र ती टीका मूळ श्लोकाच्या खालीं, त्याच पानावर छापलेली असे. टीका वाचतांना मूळ टाळूं म्हटलें तरी टाळतां येत नसे. उजळणीचें पुस्तक मुळापासून सुटें झालें आहे, आणि पुष्कळ मुलें तें पाठ्यपुस्तकाच्या ऐवजीं वाचतात. असल्या एका पुस्तकांत प्रत्येक उत्तराशेजारीं पाठ्यपुस्तकाचा पृष्ठांक दिलेला दिसला. कागद हलका, छपाई बेताची, चित्रें नाहींत. तरी आम्ही तेंच सुचवूं. मूळ पुस्तक पाठ्यपुस्तक मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतें, त्यामुळें पृष्ठांक उघडून पाहण्यास दारिद्र्य आड येत नाहीं.

आवृत्तीचा सन पाहण्यास विसरूं नये. अभ्यासक्रम पालटला कीं जुनीं पुस्तकें अर्ध्या किमतीस रस्त्यावर येतात, आणि गरजू पालक तींच उचलतात. जाडी पाहून तर मुळींच घेऊं नये. पाठ्यपुस्तकाच्या दुप्पट जाड असलेली उजळणी ही उजळणी कसली? खरी अडचण निराळीच आहे. दुकानांत बहुधा सर्व विषयांचा संच एकाच प्रकाशकाचा देतात. गणिताचें पुस्तक चांगलें म्हणून इतिहासाचेंहि त्याबरोबर येतें, आणि इतिहासाची निवड अशी होतच नाहीं. संच सोडून इतिहासाचें एकटें पुस्तक मागितलें तर दुकानदार नाखूष होतो. होऊं द्यावें.