हलतं तेवढंच मोजलं जातं

शेअर बाजाराची अस्थिरता म्हटलं की आपल्याकडे इंडिया व्हिक्सचं नाव निघतं. राष्ट्रीय शेअर बाजाराने हा निर्देशांक २००८ साली आणला. पुढच्या ३० दिवसांत निफ्टी किती हेलकावे खाईल, याचा अंदाज तो ऑप्शन्सच्या भावांवरून बांधतो. आकडा १६ असेल तर ढोबळमानाने रोज एक टक्का वर-खाली, असं समजा. माप चांगलं आहे. पण ‘व्हिक्स खाली आहे, म्हणजे जोखीम कमी’ असं जेव्हा लातूर-नांदेडच्या लहान गुंतवणूकदाराला सांगितलं जातं, तेव्हा ते मला पटत नाही.

कारण व्हिक्स निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांपुरतंच बोलतो. लहान कंपन्यांच्या शेअरला दिवसाची मर्यादा असते, आपण तिला सर्किट म्हणतो. समजा, १०० रुपयांचा शेअर सलग १० दिवस रोज बरोबर ५ टक्के पडला. भाव ६० च्या आसपास आला. विकणारे रांगेत, घेणारा कोणीच नाही. आता पुस्तकातल्या सूत्राने प्रमाण विचलन काढा. रोजचा बदल सारखाच, म्हणून उत्तर येतं शून्य! चाळीस टक्के भांडवल गेलं, आणि सूत्र म्हणतं अस्थिरता नाही. ज्या शेअरचा व्यवहारच होत नाही, त्याचा भाव कालचाच राहतो; तोही कागदावर शांत दिसतो.

मोंढ्यावर माल नेणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. सौदा बंद असला की दर पडत नाही, पण पैसाही घरी येत नाही. डिसेंबर २०२१मध्ये सेबीने सोयाबीनचे वायदे थांबवले. त्याने सोयाबीनच्या भावातले चढउतार थांबले का? नाही. ते आधी दिसण्याची एक खिडकी तेवढी बंद झाली.

तेव्हा आपल्यासारख्या देशात एका आकड्यावर विसंबू नका. या शेअरचा रोज किती व्यवहार होतो? वर्षात किती दिवस सर्किट लागलं? हे आधी बघा. लातुरात शिकणाऱ्या मुलीच्या फीचा हप्ता ठरल्या तारखेलाच भरावा लागतो. त्या दिवशी आपला शेअर घ्यायला कोणी असेल का, हे व्हिक्स सांगत नाही.