यादीत नाव आहे, पण घर कुठे आहे?

पीएचडीसाठी मिलिपीड, म्हणजे आपल्याकडे वाणी किंवा पैसा म्हणतात तो प्राणी, हा विषय डोक्यात असेल तर आधी सर्गेई गोलोव्हाच आणि थॉमस वेसेनर यांची २०१६ची भारतीय सूची वाचा. ‘झूटॅक्सा’त आलेल्या या सूचीत ११ गणांतल्या किमान २७० प्रजाती एका जागी मिळतात. एकोणिसाव्या शतकापासून विखुरलेल्या नोंदी गोळा करणं खायचं काम नाही. पण तिच्याकडून काय मागायचं नाही, हेही समजून घ्या.

उदाहरण घेऊ स्ट्रेप्टोगोनोपस फिप्सोनी (पोकॉक, १८९२) या लहानशा प्रजातीचं. नावातला कंस सांगतो की पोकॉक यांनी ती दुसऱ्या प्रजातीकुळात ठेवली होती, कूळ नंतर बदललं. नावांचा असा इतिहास लावून देणं हीच सूचीची खरी ताकद.

राहण्याच्या जागेचं मात्र वेगळं आहे. सूचीतलं गावाचं किंवा राज्याचं नाव म्हणजे प्राणी सापडला ती जागा. आता नाशिक जिल्हा घ्या. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि येवल्याकडे जेमतेम पाचशे. मिलिपीडला श्वासछिद्रं बंद करता येत नाहीत, त्यामुळे तो लवकर सुकतो. त्याचं जगणं ठरतं ते पाचोळा, कुजका ओंडका, दगडाखालची ओल यांवर. मग प्रस्तावात नुसतं ‘नाशिक जिल्ह्यात आढळते’ लिहिलं, तर काय कळलं? काहीच नाही.

उलटी चूकही होते. यादीत नाशिक नाही म्हणून प्रजाती नाशिकमध्ये नाही, असं नसतं. कदाचित कुणी शोधलंच नसेल.

आणि फक्त पाठीच्या फोटोवर विसंबू नका. या गटात प्रजाती पक्की होते ती बहुधा प्रौढ नराच्या सातव्या वलयावरच्या जननपादांवरून, म्हणजे प्रजननासाठी बदललेल्या पायांवरून. मादी किंवा पिल्लू हाती लागलं, तर प्रजातीचं नाव न देता कुळापाशी थांबणं जास्त प्रामाणिक.

म्हणून सूची वाचून झाली की वहीत हे रकाने पाडा: तारीख, उंची, पाचोळ्याची जाडी, मातीची ओल, नर की मादी, नमुना कुठे ठेवला. आणि काहीच सापडलं नाही त्या फेऱ्याही लिहा. सूचीत नसलेली माहिती यातूनच उभी राहते, आणि तुमचा प्रबंधही.