फोली कॅथेटर की मिसोप्रोस्टॉल? नागपूरच्या चाचणीचे चिकित्सक वाचन

तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाच्या राजा मिरासदार रुग्णालयात, प्रसूतिकक्षात तुमची पाळी आहे असे समजा. गर्भवतीचा रक्तदाब वाढलेला आहे, लघवीत प्रथिने आहेत, कळा नाहीत आणि गर्भाशयमुख अजून कच्चे आहे. अशा वेळी प्रसूती होणे हाच खरा उपचार असतो. मग कळा आणायच्या कशा? मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने द्यायची, की गर्भाशयमुखातून फोली कॅथेटर आत सरकवून त्याचा फुगा फुगवायचा?

नेमका हाच प्रश्न शुचिता मुंडले आणि सहकाऱ्यांनी नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत तपासला. ‘इन्फॉर्म’ या नावाची ही चाचणी 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. उच्च रक्तदाबाच्या 602 स्त्रियांची यादृच्छिक विभागणी केली गेली. 302 जणींना 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर 2 तासांनी, जास्तीत जास्त 12 वेळा दिली, तर 300 जणींना कॅथेटर घातला. 24 तासांच्या आत सिझेरियनशिवाय प्रसूती गोळीच्या गटात 57 टक्के, तर कॅथेटरच्या गटात 47 टक्के झाली.

फरक 10 टक्क्यांचा, म्हणजे 10 जणींना गोळी दिली तर एकीला जास्तीचा लाभ. बहुतेक विद्यार्थी इथेच थांबतात. पण या फरकाचा 95 टक्के विश्वासांतराल साधारण 2 ते 18 टक्के आहे. म्हणजे तो एक जास्तीचा लाभ सहा जणींमागे मिळत असेल किंवा पन्नास जणींमागेही. गोळी सरस ठरते, पण किती सरस, हे या आकड्यांवरून ठामपणे सांगता येत नाही.

माझा मुख्य आक्षेप मोजमापाबद्दल आहे. 24 तासांत प्रसूती न झालेल्यांमध्ये दोन प्रकारच्या स्त्रिया येतात: ज्यांचे सिझेरियन झाले त्या, आणि ज्यांची प्रसूती सिझेरियनशिवायच पण पंचविसाव्या किंवा तिसाव्या तासाला झाली त्या. आईच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. पोटावरचा व्रण पुढच्या गर्भारपणापर्यंत साथ देतो. शिवाय हिशेब करून पाहा: बारावी गोळी बाविसाव्या तासाला पडते. रक्तदाबाच्या रुग्णांत वेळेला महत्त्व आहे, म्हणून 24 तासांची मर्यादा समजण्यासारखी आहे. तरी सिझेरियनचे आकडे वेगळे काढून वाचल्याशिवाय मत बनवू नका.

दुसरे असे की कोणाला काय दिले, हे इथे लपवता येत नाही. सिझेरियनचा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरला गट माहीत असतो. यात संशोधकांचा दोष नाही, पण निष्कर्ष वाचताना ते ध्यानात असू द्या.

सुरक्षिततेचे काय? गर्भाशयाचे अतिआकुंचन गोळीच्या गटात 2, कॅथेटरच्या गटात 1. आकडे दिलासा देणारे आहेत, पण दुर्मिळ धोक्यातला फरक पकडायला 602 स्त्रिया पुरत नाहीत. ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा लावू नका.

आता तंजावरला परत या. तुमच्या कक्षात 25 मायक्रोग्रॅमची गोळी मिळते का, ते आधी विचारा. 200 मायक्रोग्रॅमची गोळी कापून आठ तुकडे करत असतील, तर प्रत्येक तुकड्यातले औषध सारखे नसते आणि नागपूरचा निकाल तुमच्या रुग्णाला जसाच्या तसा लागू होत नाही. रात्री दर 2 तासांनी कळा आणि बाळाचे ठोके तपासायला कोण आहे, हेही विचारा.