अद्भुताचे वाढते वय : 'हॅरी पॉटर' मालिकेचे सलग वाचन

मराठी समीक्षेचे अद्भुताशी असलेले नाते प्रारंभापासूनच अवघडलेले आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ साली प्रसिद्ध झाली. लगेच १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात या प्रकारच्या लेखनातील असंभाव्यतेची झाडाझडती घेतली. पुढे हरिभाऊ आपटे यांच्या सामाजिक कादंबऱ्यांनी वास्तवाचे माप इतके पक्के केले, की अद्भुताला प्रौढ साहित्याच्या ओसरीवरून उठून माजघरात, मुलांच्या घोळक्यात जाऊन बसावे लागले. तेथेही त्याचे आयुष्य बेताचेच ठरले. परी, राक्षस आणि बोलणारे पोपट दहाव्या वर्षापर्यंत शोभतात, त्यानंतर मुलाने ऐतिहासिक कादंबरीकडे वळावे, असा आपल्याकडील शिष्टसंमत क्रम. बारा ते सतरा या वयातील वाचकाला अद्भुताची गरज असू शकते आणि ती बालवाचकाच्या गरजेहून वेगळी असते, हा विचार आपल्या वाङ्मयव्यवहारात फारसा झालेला नाही. जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' मालिकेचा अभ्यास मराठीच्या संदर्भात करावयाचा तो या उणिवेच्या बाजूने.

मालिकेचे सात भाग १९९७ ते २००७ या दहा वर्षांत आले. प्रत्येक भाग नायकाच्या आयुष्यातील साधारण एक वर्ष व्यापतो. पहिल्या भागात अकरा वर्षांचा असलेला हॅरी सातव्यात सतरा वर्षांचा होतो. पहिल्या वाचकांना पुढच्या भागाची वाट पाहावी लागली आणि त्या वाट पाहण्यात तेही वाढले. आज ही सातही पुस्तके एका उन्हाळ्याच्या सुटीत संपविता येतात. म्हणजे जे सतराव्या वर्षासाठी लिहिले गेले ते अकरा वर्षांच्या वाचकाच्या हाती महिनाभरात पडते. हे इष्ट की अनिष्ट, हा प्रश्न पालकांचा. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की सलग वाचनात या मालिकेची खरी रचना उघड होते आणि तिच्यातील दोषही लपत नाहीत.

पहिले दोन भाग परंपरेला धरून आहेत. पोरका मुलगा, छळणारे नातेवाईक, अकस्मात कळलेले थोर कुळ, दूरचे गुरुकुल, दोन जिवलग मित्र: यातील एकही घटक भारतीय वाचकाला नवा नाही. दुसरा भाग तर पहिल्याच्या साच्यात इतका चपखल बसतो, की येथेच थांबणाऱ्या वाचकाने मालिकेला सामान्य ठरविले तर त्याला दोष देता येणार नाही. भरताने अद्भुताचा स्थायी भाव विस्मय मानला. या दोन भागांत विस्मयाची उधळण आहे आणि तिच्यापलीकडे फारसे काही नाही.

पालट तिसऱ्या भागात सुरू होतो आणि चौथ्याच्या अखेरीस पक्का होतो. सेड्रिक नावाचा एक सालस विद्यार्थी केवळ तेथे उपस्थित होता म्हणून स्मशानात मारला जातो. त्याच्या मृत्यूला कथानकाची कोणतीही गरज नाही, आणि त्याचे भीषणपण यातच आहे. पाचव्या भागाच्या आरंभी हॅरी शाळेत परततो तेव्हा विद्यार्थ्यांना नेणाऱ्या गाड्यांना त्याला कृश, पंख असलेले काळे घोडे जुंपलेले दिसतात. तोवर त्या गाड्या आपोआप चालतात अशी त्याची आणि वाचकाची समजूत होती. ज्याने मृत्यू पाहिला आहे त्यालाच ते प्राणी दिसतात, हे पुढे कळते. चौथ्या भागाच्या शेवटी त्याच गाड्यांतून परतताना ते का दिसले नाहीत, असा प्रश्न चोखंदळ वाचक विचारतात. मृत्यू पाहणे आणि तो उमगणे यांत काही काळ जावा लागतो, हे त्याचे उत्तर मानता येईल. काही असो, विस्मयाची जी वस्तू चार भाग जादू म्हणून मिरविली तीच आता शोकाची खूण होते. मागील पाने न बदलता त्यांचा अर्थ बदलतो. मालिका हा रचनाप्रकार केवळ लांबीमुळे नव्हे, तर अशा कारणासाठी आवश्यक ठरतो. भरताने निर्वहण संधीत, म्हणजे नाट्याच्या शेवटी, अद्भुताची योजना करावी असे सांगितले आहे. येथे क्रम उलटा आहे: अद्भुत आरंभी, आणि करुण शेवटी.

घरगड्यांचे काम करणाऱ्या एल्फ या जातीचे चित्रणही याच रीतीने पालटते. दुसऱ्या भागातील डॉबी हा विनोदी, स्वतःला शिक्षा करून घेणारा, स्वतःविषयी तृतीय पुरुषात बोलणारा सेवक. चौथ्या भागात हर्मायनी या दास्याविरुद्ध चळवळ काढते तेव्हा तीही थट्टेचा विषय होते, आणि वाचक हसणाऱ्यांत सामील होतो. पाचव्या भागात क्रीचर नावाच्या म्हाताऱ्या सेवकाला मिळालेल्या वागणुकीची किंमत सिरियसच्या मृत्यूने चुकवावी लागते. मग ते हसणे आठवून वाचक वरमतो. ज्या घरांत गड्याचा चहाचा कप वेगळा ठेवला जाई, त्या घरांतील वाचकाला हे प्रकरण ब्रिटिश वाचकापेक्षा अधिक जवळचे वाटावे.

दोष कोणते? पाचवा भाग मूळ इंग्रजी आवृत्तीत ७६६ पृष्ठांचा आहे आणि त्यातील निदान दीडशे तरी अनावश्यक आहेत. तथापि याच भागात मालिकेतील सर्वांत जिवंत खलपात्र आहे. अम्ब्रिज ही शासनाने नेमलेली शिक्षिका. संरक्षणविद्येच्या तासाला ती छडी चालवू देत नाही. पुस्तकातील प्रकरण वाचा, परीक्षेला तेवढे पुरे, असा तिचा खाक्या. प्रयोगवहीत न केलेले प्रयोग उतरविणाऱ्या आणि 'अपेक्षित' प्रश्नसंचांवर पोसलेल्या आपल्या विद्यार्थ्याला ती परकी वाटणार नाही. व्होल्डेमॉर्ट भीतिदायक आहे खरा, पण तो कोठे भेटत नाही. अम्ब्रिज प्रत्येक कार्यालयात भेटते.

मराठीतील मालिकानायक याहून वेगळ्या घडणीचा आहे. भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर स्वार होऊन 'ट्टॉक' करणारा मुलगा वीस पुस्तकांत वावरतो. चीनच्या १९६२ च्या आक्रमणाच्या काळातही तो शाळकरी आहे आणि त्यानंतरही शाळकरीच राहतो. हा दोष नव्हे. तो त्या प्रकाराचा धर्म आहे. फेणेच्या जगात संकटे बाहेरून येतात आणि परतविली जातात. नायकाच्या आत काही मोडत नाही, म्हणून त्याला वाढावे लागत नाही. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या कल्पित जगाची दारे मराठी मुलांसाठी उघडली, तरी स्वतःच्या नायकासाठी मात्र त्यांनी साहस निवडले, अद्भुत नव्हे. त्यांच्या भाषेचा वेग आणि खोडकरपणा यांना पुढे क्वचितच जोड मिळाली. मात्र तेराव्या वर्षी फेणे मागे पडतो आणि त्यानंतर काय, या प्रश्नाला मराठीत दीर्घकाळ उत्तर नव्हते.

अनुवादाने ते देण्याचा प्रयत्न झाला. 'हॅरी पॉटर आणि परीस' पासून पुढील मराठी पुस्तके भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढली. बाळ ऊर्ध्वरेषे, मंजूषा आमडेकर यांसारख्या अनुवादकांनी हे जोखमीचे काम केले. मराठी अनुवाद हिंदी प्रांताच्या राजधानीतून यावा, यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्या प्रांताशी मराठीची देवाणघेवाण जुनी आहे. छत्तीसगड अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. ज्यांची मातृभाषा मराठी होती त्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढून हिंदी गद्याच्या घडणीला हात लावला, आणि 'दासबोध' व टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. त्यांच्या आयुष्याचा अखेरचा काळ ज्या रायपुरात गेला, त्या शहराला लागूनच उत्तरेकडे बीरगाव आहे. उरला औद्योगिक क्षेत्राच्या आश्रयाने वाढलेल्या या कामकऱ्यांच्या गावात एखाद्या मराठी घरातील मुलाने ही मालिका हाती घेतली, तर त्याच्यापुढे तीन वाटा असतात: शाळेच्या आकांक्षेची इंग्रजी, रस्त्याची आणि वर्गाची हिंदी, आणि स्वयंपाकघरापुरती उरलेली मराठी. सप्र्यांच्या काळी ग्रंथ मराठीतून हिंदीत जात होते. आता हा मुलगा इंग्रजी ग्रंथ बहुधा हिंदीतून वाचील. त्याने मराठी प्रत का उचलावी, हा प्रश्न भावनेने सुटणारा नाही. मराठी प्रतीत त्याला काही वेगळे मिळते काय, यावर तो सुटेल.

हिंदी अनुवादक सुधीर दीक्षित यांनी एक धीट निर्णय घेतला. मूळ मंत्र लॅटिनच्या वळणाचे. त्यांनी ते संस्कृतच्या वळणावर नेले, आणि आनंद शोषून घेणाऱ्या तुरुंगरक्षकांना 'दमपिशाच' असे नाव दिले. इंग्रज मुलाला लॅटिन जितकी गूढ आणि अर्धवट ओळखीची, तितकीच भारतीय मुलाला संस्कृत. तेव्हा हा निर्णय तत्त्वतः योग्य आहे. मात्र त्यात एक धोका आहे. संस्कृत मंत्राला आपल्याकडे देवघराचा वास येतो, आणि वर्गात एकमेकांची खोडी काढण्यासाठी वापरलेला मंत्र अकारण सोवळा होतो. अक्षरांचे खेळ तर जवळजवळ अनुवादाबाहेरचे आहेत. पहिल्या भागातील आरशाचे नाव म्हणजे 'इच्छा' या अर्थाचा इंग्रजी शब्द उलटा लिहिलेला. देवनागरीत 'इच्छा' उलटी केली तर जे हाती येते त्याला कोणी आरसा म्हणणार नाही. दुसऱ्या भागात खलनायकाच्या नावातील अक्षरांची फिरवाफिरव होऊन रहस्य उलगडते. आपल्या लिपीत व्यंजनाला स्वर चिकटलेला असल्याने ही फिरवाफिरव सुटी होत नाही. या ठिकाणी अनुवादकाला अपयश आले तरी ते लिपीच्या खाती टाकावे.

खरी कसोटी अन्यत्र आहे. इंग्रजीत सर्वांना एकच मध्यम पुरुष. मराठीत तू, तुम्ही आणि आपण. हॅरीने मुख्याध्यापक डंबलडोर यांना 'तुम्ही' म्हणावे यात वाद नाही. पण द्वेषाने भरलेला हॅरी मनातल्या मनात स्नेपला काय म्हणतो? समोर 'सर, तुम्ही' आणि पाठीमागे 'तो': मराठी विद्यार्थी असाच वागतो, आणि डंबलडोर त्याला प्रत्येक वेळी 'प्रोफेसर स्नेप' असे दुरुस्त करतात तेव्हा त्या दुरुस्तीला मराठीत क्रियापदासकट वजन येते. पाचव्या भागाच्या शेवटी सारे जग ज्याचे नाव घ्यायला भिते त्या व्होल्डेमॉर्टला डंबलडोर त्याच्या शाळकरी नावाने, 'टॉम' म्हणून हाक मारतात. इंग्रजीत सारा भार त्या नावावर आहे. मराठीत 'तू' ही साथीला येतो; सर्वांचा काळ असलेला मनुष्य एका एकेरी सर्वनामाने पुन्हा वर्गातल्या बाकावर बसविला जातो. मराठी अनुवाद मुळाहून अधिक सांगू शकतो तो अशा जागी. जेथे अनुवादकाने सरसकट एकच रूप वापरले तेथे ही संधी वाया गेली असे समजावे.

सातव्या भागाविषयी दोन मते आढळतात. तिघे मित्र तंबूत राहून रानोमाळ भटकतात तो भाग कंटाळवाणा आहे, अशी तक्रार सर्रास होते. वास्तविक मालिकेतील सर्वांत प्रौढ पृष्ठे तीच. शाळा नाही, गुरू नाही, नकाशा नाही. उपासमार, रुसवे आणि मित्राचे सोडून जाणे आहे. साहसकथा सहसा जे वगळते तेच येथे लिहिले आहे. याउलट एकोणीस वर्षांनंतरचा उपसंहार हा लेखिकेने वाचकांचे लाड पुरविण्यासाठी जोडलेला दिसतो. तो नसता तर काही बिघडले नसते.

त्याआधी अरण्याचा प्रसंग आहे. आपल्याला मरावे लागणार हे कळलेला हॅरी एकटा निघतो आणि हातातील खड्याच्या योगाने मृत आई, वडील, सिरियस आणि ल्युपिन छायारूपाने त्याच्यासोबत चालतात. मरताना दुखते का, असे तो विचारतो. सात भागांत विस्मयाचे जे काही उभे केले त्याचा येथे एवढाच उपयोग उरतो, की चार पावले सोबत मिळावी. मराठी अनुवादकाची अडचण मात्र येथेही सुटत नाही. आईला 'तू' म्हणता येते. बहुतेक मराठी घरांत ते चालते. वडिलांशी हा मुलगा जाणत्या वयात जवळजवळ बोललेलाच नाही. जुन्या घरात वाढलेला मुलगा 'अहो बाबा' म्हणेल, आजचा 'अरे बाबा' म्हणेल, आणि हिंदीच्या सहवासात वाढलेला बीरगावचा मुलगा 'आप' च्या सवयीने कदाचित पुन्हा 'तुम्ही' कडे झुकेल.