नियम आणि आज्ञावली : एका विद्येची दोन दप्तरे

समाजकल्याण धोरण या विषयाच्या प्रश्नपत्रिकेत काय येते, हे आपणां शिक्षकांना पाठ असते. कल्याणकारी राज्याची संकल्पना स्पष्ट करा. अमुक योजनेची उद्दिष्टे लिहा. तमुक योजनेच्या यशापयशाची चर्चा करा. संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातले प्रश्नही असेच ठरून गेले आहेत. दिलेली संख्या मूळ आहे का ते ओळखणारी आज्ञावली लिहा. क्रमगुणित काढा. सातचा पाढा छापा. पहिल्या विषयाचा विद्यार्थी शेवटपर्यंत एकही आकडेमोड करत नाही. दुसऱ्या विषयाचा विद्यार्थी शेवटपर्यंत एकाही माणसाला भेटत नाही.

आमची तक्रार एवढीच नाही की दोन्ही अभ्यासक्रम कंटाळवाणे आहेत. तक्रार अशी की हे दोन विषय मुळात एकाच गोष्टीविषयी आहेत आणि ते आपण विद्यार्थ्यापासून लपवून ठेवतो. सरकारी योजना म्हणजे अटींची मालिका: अमुक असेल तर तमुक द्या, नाहीतर देऊ नका. आज्ञावलीही तीच. आज गावातल्या माणसाचा अर्ज माणूस वाचण्याआधी आज्ञावली वाचते. पात्र की अपात्र, हा शेरा बहुतेक वेळा पडद्यावरच उमटतो. तेव्हा नियम लिहिणाऱ्याला आज्ञावली वाचता येऊ नये आणि आज्ञावली लिहिणाऱ्याला नियमाचा अर्थ माहीत नसावा, ही गोष्ट किरकोळ राहत नाही.

एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीची जी रचना ठरली, तिच्यात मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचे खुले ऐच्छिक विषय घेणे सक्तीचे आहे. म्हणजे गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्याहून गोंदियाच्या महाविद्यालयात जाणारी विद्यार्थिनी समाजशास्त्राबरोबर संगणकाची तोंडओळख करून घेऊ शकते. कल्पना चांगली आहे. पण गुणपत्रिकेवर दोन विषय शेजारी बसले म्हणून विद्यार्थ्याच्या डोक्यात त्यांची गाठ पडतेच असे नाही. सकाळच्या तासाला उद्दिष्टे आणि दुपारच्या तासाला पाढे, असेच चालू राहिले तर एका दप्तराऐवजी दोन दप्तरे वाहण्यापलीकडे काही साधणार नाही.

ही गाठ कशी मारता येईल, हे दवनीवाड्याच्याच धानाच्या बांधीत उतरून पाहू. गोंदिया हा धानाचा जिल्हा. खरीप २०२०-२१ च्या हंगामात राज्य सरकारने आधारभूत किमतीखेरीज क्विंटलमागे ७०० रुपये प्रोत्साहन रक्कम दिली, आणि तीही ५० क्विंटलच्या मर्यादेत. २०२२-२३ च्या हंगामापासून सूत्र बदलले. क्विंटल गेले आणि हेक्टर आले. त्या वर्षी हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरपर्यंत, असा निर्णय झाला. पुढच्या वर्षी हा दर २०,००० झाला.

नवशिक्या विद्यार्थ्याला ही दोन सूत्रे आज्ञावलीत लिहायला दहा ओळीही लागत नाहीत. पहिल्यात विकलेले क्विंटल आणि ५० यांतली लहान संख्या घेऊन ७०० ने गुणायचे. दुसऱ्यात हेक्टर आणि २ यांतली लहान संख्या घेऊन १५,००० ने गुणायचे. आता त्यांत माणसे घालू. एका शेतकऱ्याकडे एक हेक्टर कोरडवाहू जमीन आहे. घरच्या खाण्यापुरते धान ठेवून त्याने केंद्रावर १५ क्विंटल विकले. जुन्या सूत्राने त्याला १०,५०० रुपये मिळतात आणि नव्याने १५,०००. दुसऱ्याच्या एक हेक्टराला तलावाचे पाणी आहे, त्याने ३० क्विंटल विकले. त्याला जुन्या सूत्राने २१,००० आणि नव्याने १५,०००. हेक्टरी सुमारे साडेएकवीस क्विंटल विक्रीवर दोन्ही सूत्रे एक होतात. त्याखाली नवे सूत्र लाभाचे आणि त्यावर जुने. नव्या सूत्राला आणखी एक गुण आहे. व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर स्वतःचे धान खपवून प्रोत्साहन रक्कम उचलण्याला जुन्या सूत्रात वाव होता, तो येथे राहत नाही.

पण तिसरा माणूस राहिला. तो दुसऱ्याची बांधी बटईने किंवा ठेक्याने करतो. रोवणी त्याची आणि कापणीही त्याची. सातबाऱ्यावर मात्र नाव मालकाचे. नव्या आज्ञावलीत त्याचे हेक्टर शून्य. शून्य गुणिले १५,००० म्हणजे शून्य. जुन्या सूत्रातही विक्रीला सातबारा लागत होताच, पण मोजले जात होते ते निदान त्याने पिकवलेले धान. नव्या सूत्रात त्याच्या श्रमाची कोणतीही खूण उरत नाही. आज्ञावली बिनचूक चालते, संगणक एकही चूक दाखवत नाही, आणि शेतात राबलेला माणूस हिशेबातून नाहीसा होतो.

समाजकल्याणाचा जो पाठ वर्गात पन्नास पाने वाचून कळत नाही तो येथे दोन ओळींत कळतो: सूत्रात कोणते चल घ्यायचे, हा तांत्रिक प्रश्न नसून धोरणाचा प्रश्न आहे. संगणकाचा पाठही येथेच कळतो: आज्ञावली तपासायची ती सोयीच्या उदाहरणांनी नव्हे, तर जे उदाहरण आपल्या ध्यानी आले नव्हते त्याने. क्रमगुणिताच्या आज्ञावलीत चूक झाली तर कोणाचे काही बिघडत नाही. म्हणूनच त्या सरावातून तपासणीची सवय लागत नाही.

शब्दांच्या व्याख्येचेही असेच. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने लाडकी बहीण योजना जाहीर झाली. ३ जुलैला वयाची मर्यादा ६० वरून ६५ झाली, शेतजमिनीची अट गेली, आणि कुटुंबातल्या एका अविवाहित स्त्रीलाही पात्र ठरवण्यात आले. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले, ही व्याख्या तर त्यानंतरच्या दुरुस्तीत आली. ज्याला आज्ञावली लिहायची आहे त्याचा पहिलाच प्रश्न असतो: कुटुंब म्हणजे नेमके कोण? सासू धरायची का? वेगळी चूल मांडलेला दीर? उत्तर मिळाल्याशिवाय त्याला पुढची ओळ लिहिता येत नाही. धोरणाच्या विद्यार्थ्याला मात्र 'कुटुंब' हा शब्द लिहून पूर्ण गुण मिळतात.

आता 'नाहीतर' या शब्दाकडे वळू. आज्ञावली शिकणारी मुले 'जर' चटकन लिहितात आणि 'नाहीतर' विसरतात. धोरणे लिहिणारेही पुष्कळदा तसेच करतात. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या बाबतीत अपवाद होती. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातल्या विसापूर येथे जिचा प्रयोग करून पाहिला, ती योजना १९७२ मध्ये राज्यभर आली. तिचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कायद्याचा सांगाडा असा: काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. येथे 'नाहीतर' नागरिकाच्या चुकीसाठी नाही, सरकारच्या चुकीसाठी आहे. हमी हा शब्द खरा होतो तो या दुसऱ्या शाखेमुळे. ती काढून टाका, उरते ते नुसते आश्वासन.

हाच सांगाडा २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात गेला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा संमत केला, पण जुन्या कायद्याचा अनुभव वर्गात मांडावा असा आहे. त्यात मजुरी १५ दिवसांत द्यायची होती. सोळाव्या दिवसापासून न मिळालेल्या मजुरीवर रोज ०.०५ टक्के भरपाई होती. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रातला मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. सहा दिवसांचे १,८७२ रुपये झाले. त्यावर ३० दिवसांच्या विलंबाची भरपाई किती? मुलांना आधी अंदाज करू द्या, मग हिशेब. उत्तर २८ रुपये ८ पैसे. महिनाभर मजुरी अडकली तर त्याची किंमत सरकारला दिवसाला एक रुपयाही पडत नव्हती! दंड आहे, पण तो कोणाला टोचत नाही, हे ज्ञान केवळ कलम वाचून होत नाही. गुणाकार करावा लागतो.

आणखी खोलात गेले तर त्याहून मोठी गोष्ट दिसते. विलंबाचे दिवस संगणक मोजत होता, पण मोजणी कोठे थांबवायची? स्थानिक कार्यालयाने रक्कम वर्ग करण्याचा आदेश सहीनिशी काढला की घड्याळ थांबत असे. त्यानंतर केंद्राकडून पैसे खात्यात पोहोचेपर्यंत लागलेले दिवस हिशेबात येतच नव्हते. मजुराच्या खात्यात पैसे नाहीत आणि संगणकाच्या दृष्टीने विलंब संपलेला. अभ्यासकांनी नोंदी तपासून हे दाखवून दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि मे २०१८ च्या निकालात न्यायालयाने दुसऱ्या टप्प्यातल्या विलंबाचा भारही मजुरावर टाकता येणार नाही असे म्हटले. कायद्यात बदल न करता, आवर्तन कोठे थांबवायचे या एका ओळीतून, हक्क निम्मा करता येतो. ही ओळ वाचू शकणारे समाजकार्याचे पदवीधर आपण किती तयार करतो?

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर सरकारी भत्ते घेणाऱ्यांची वसुली आज्ञावलीकडे सोपवण्यात आली. तेथे भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. आज्ञावलीने करखात्याकडचा वर्षाचा आकडा घेतला आणि २६ ने भागला. समजा एखाद्याने १३ पंधरवडे काम करून दर वेळी १,००० डॉलर मिळवले आणि उरलेले १३ पंधरवडे तो बेकार राहून रीतसर भत्ता घेत होता. सरासरी आली ५००. म्हणजे बेकारीच्या दिवसांतही तो कमावत होता असा निष्कर्ष निघाला, आणि त्याच्या हाती वसुलीची नोटीस पडली. चूक नसल्याचा पुरावा त्यानेच आणायचा होता. पागे यांच्या योजनेत 'नाहीतर' सरकारकडे होते. येथे ते नागरिकाच्या गळ्यात आले. पुढे सरकारला दीड अब्जाहून अधिक डॉलरची वसुली परत किंवा माफ करावी लागली, आणि जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाने या कारभारावर कठोर ठपका ठेवला. भागाकार बरोबर होता. ज्यांची कमाई हंगामी असते त्यांची सरासरी काढणे, हे चूक होते. रोवणीत आणि कापणीत हाताला काम आणि मधल्या महिन्यांत रिकामे, असे वर्ष ज्याने दवनीवाड्यात पाहिले आहे, त्याला ही चूक समजावून सांगावी लागत नाही. पण त्याला कोणी विचारत नाही, कारण त्याला आज्ञावलीतले काही कळत नाही असे आपण धरून चालतो.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सगळा कायदा आज्ञावलीत बसतो का? बसत नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये सर्गो, कोवाल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनच्या १९८१ च्या नागरिकत्व कायद्याचा मोठा भाग प्रोलॉग या भाषेत उतरवून दाखवला. त्यांचा लेख १९८६ साली प्रसिद्ध झाला. जन्मस्थळ, जन्मतारीख, आईवडिलांचे नागरिकत्व हे सारे नेटके बसते. पण त्याच कायद्यात 'चांगले चारित्र्य' असेही शब्द आहेत आणि ते कोणत्याही अटीत मावत नाहीत. आमच्या मते हे शिकणे हाच या अभ्यासाचा मोठा लाभ आहे. कोणती अट यंत्राकडे द्यावी आणि कोठे माणसाने बसून ऐकून घ्यावे, ही सीमा ज्याने नियम उतरवण्याचा प्रयत्न केला त्यालाच दिसते. प्रयत्नच न करणारा एकतर यंत्रावर आंधळा विश्वास ठेवतो किंवा आंधळा राग धरतो.

दुसरा आक्षेप असा की नवशिक्यांना सोपेच प्रश्न द्यावेत. मान्य. पण वरची सूत्रे मूळ संख्या ओळखण्यापेक्षा सोपी आहेत. त्यांना एक तुलना आणि एक गुणाकार पुरतो. अवघड आहे ते शिक्षकाला, कारण उत्तर बरोबर आले तरी तास संपत नाही.

विद्यापीठाचा अभ्यासक्रम बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शाळेतही हे करता येते आणि त्याला संगणक लागत नाही. फळ्यावर एखाद्या योजनेचा नियम 'जर' आणि 'नाहीतर' यांत लिहावा. मुलांनी कोणाचेही खरे नाव न घेता गावात आढळतील अशी पाच माणसे कल्पावीत: जमीनमालक, बटाईदार, विधवा, हंगामात परगावी जाणारा मजूर, आणि ज्याच्या दोन कागदांवर नाव दोन प्रकारे लिहिले आहे असा एक. प्रत्येकाला नियमातून नेऊन उत्तर लिहावे. मग तीन प्रश्न विचारावेत. नियमाने काय मोजले? कोण सुटले? आणि चूक झाली तर भोगायचे कोणी?

पहिल्या प्रश्नाला गणित लागते, दुसऱ्याला गाव माहीत असावे लागते आणि तिसऱ्याला न्यायबुद्धी. या तिन्ही गोष्टी एका प्रश्नपत्रिकेत विचारणारे विद्यापीठ जेव्हा निघेल तेव्हा निघो. बटाईदाराचे शून्य मात्र कोणीतरी आजच पाहायला हवे.